भूतानच्या उरलेल्या नोटा आणि आजोबांच्या डब्यातलं नाणं: कशाची किती किंमत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आईवडिलांना घेऊन भूतानला जाऊन आलात आणि परतल्यावर पाकिटात साडेचार हजारांच्या आसपास न्गुल्त्रुम उरले. एक न्गुल्त्रुम म्हणजे एक रुपया, असं तिथे सगळेच सांगत होते. इथे मात्र बँकेने आणि चलन बदलून देणाऱ्या दुकानाने त्या नोटा घ्यायला साफ नकार दिला. दुसरी गोष्ट, तुमचे आजोबा १९६६ ते १९७६ या काळात सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पावर भूतानमध्ये होते. त्यांच्या डब्यात एक पांढऱ्या धातूचं नाणं सापडलं. त्याच्या एका बाजूला मुकुट घातलेला राजा आहे आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी खणांत चिन्हं आहेत. सोबत एक न्गुल्त्रुमची जुनी नोटही मिळाली. अशा नोटेला लाखो रुपये मिळतात असं तुम्ही एका व्हिडिओत ऐकलंत, आणि घरात कोणीतरी नाणं चिंचेने घासून लख्ख करायला सुचवलं.

बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण नाणं घासू नका. चिंच नको, भांड्यांची पावडर नको, टूथपेस्टही नको. कारण पुढे सांगतो.

मी नाणी आणि नोटा जमवतो, लोकांना ओळखून देतो आणि मूल्यांकन करून देतो. हिमालयातल्या राज्यांची चलनं हा माझा आवडीचा विषय आहे. तरीही तुमच्या नाण्याची नेमकी किंमत ते न बघता सांगता येणार नाही. ती धातूवर आणि झिजेवर ठरेल, नोटेची किंमत घडीवर आणि मालिकेवर. उरलेल्या नोटांचं काय करायचं हे तुमच्या ओळखीत कोण भूतानला जाणार आहे यावर अवलंबून आहे. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगता येईल.

आधी ‘एकास एक’चा घोळ. हा दर भूतानने ठरवला आहे आणि भूतानच तो सांभाळतो. १९७४ साली चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी न्गुल्त्रुम व्यवहारात आला आणि पहिल्या दिवसापासून तो भारतीय रुपयाच्या बरोबरीत बांधलेला आहे. त्याआधी भूतानच्या बाजारात जो काही रोख व्यवहार होता, तो बहुतेक भारतीय रुपयातच चाले. म्हणून नवं चलन आणताना रुपया बंद केला नाही. आजही थिम्फू, पारो किंवा फुन्शोलिंगमध्ये तुम्ही रुपये दिलेत तर दुकानदार घेतो. उलट दिशेने मात्र असं काही नाही. न्गुल्त्रुम भारतात कायदेशीर चलन नाही, आणि तो रुपयाच्या भावाने घेऊ असं रिझर्व्ह बँकेने कुणाला सांगितलेलं नाही.

यात एक गंमतशीर गोष्ट आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. पुण्यातली बँक तुमच्याकडून डॉलर घेते, कारण उद्या दुसरा प्रवासी तेच डॉलर मागायला येणार असतो. थाई बाट, सिंगापूर डॉलर, दिरहम यांचंही तसंच. न्गुल्त्रुम कोण मागणार? तो भूतानबाहेर कुठे चालत नाही, आणि भूतानला जाणारा भारतीय प्रवासी खिशात रुपयेच घेऊन जातो, कारण तिथे रुपये चालतात. ज्या बरोबरीमुळे तुमचा प्रवास सोपा झाला, त्याच बरोबरीमुळे या नोटांना भारतात गिऱ्हाईक उरलं नाही. बँकेने त्या घेतल्या तर त्यांचं करायचं काय, हा तिच्यापुढचा प्रश्न खरा आहे. साडेचार हजारांसाठी त्या परत थिम्फूपर्यंत पोहोचवणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे काउंटरवरच्या माणसावर रागावू नका.

बरं, भूतानमध्ये असतानाच न्गुल्त्रुम देऊन रुपये घेतले असते तर? तिथेही हात थोडा आखडता असतो, आणि त्यालाही कारण आहे. भूतानचा बहुतेक व्यापार भारताशी आहे. डिझेल, गाड्या, तांदूळ, बांधकामाचं सामान हे सगळं रुपये मोजून येतं. रुपये मिळवण्याचं मोठं साधन म्हणजे वीज. चुखा, ताला, मांगदेछू या जलविद्युत प्रकल्पांची वीज भारताला विकली जाते. २०१२ साली भूतानमध्ये रुपयाची मोठी टंचाई आली होती. देणी भागवण्यासाठी त्याच्या थोडं आधी डॉलरच्या गंगाजळीतला काही हिस्सा विकावा लागला होता, आणि गाड्या-घरांच्या कर्जांवर निर्बंध आले. तेव्हापासून तिथली मध्यवर्ती बँक, म्हणजे रॉयल मॉनेटरी ऑथॉरिटी, रुपया जपून वापरते. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी आहे, त्याने पन्नास वर्षं हा दर एका पैशानेही हलू दिलेला नाही. त्यासाठी असं जपणं भाग आहे.

आता तुमच्या साडेचार हजारांचं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे भूतानला निघालेला कुणीतरी शोधा आणि त्याला रुपयाला रुपया या दराने नोटा द्या. त्याचं नुकसान नाही, तुमचंही नाही. महाराष्ट्रातून वसंतात आणि पावसाळा संपल्यावर बऱ्याच सहली जातात. तुम्ही ज्यांच्यामार्फत गेलात त्या सहल आयोजकालाच विचारा, पुढच्या गटातलं कुणीतरी आनंदाने घेईल. सीमेवरच्या जयगावात न्गुल्त्रुम बाजारात सर्रास चालतो, त्यामुळे उत्तर बंगालकडे कुणी जाणार असेल तर तिथेही खपतील. पण तो दुकानदाराच्या मर्जीचा मामला आहे, आणि टंचाईच्या काळात तिथे रुपयापेक्षा कमी भाव मिळतो. टपालाने किंवा कुरिअरने नोटा पाठवू नका. आणि काहीच जमलं नाही तर घरी ठेवा. एवढी छोटी रक्कम परकीय चलनात बाळगायला कायद्याने अडचण नाही.

नोटा देऊन टाकण्याआधी मात्र एकदा त्या टेबलावर पसरून बघा. १०० ची एखादी नोट वेगळी दिसते का पाहा. पाचवे राजे जिग्मे खेसर आणि राणी जेत्सुन पेमा यांचा विवाह ऑक्टोबर २०११ मध्ये झाला, तेव्हा १०० न्गुल्त्रुमची खास नोट निघाली, तीवर दोघांची चित्रं आहेत. २०१६ मध्ये युवराजाच्या जन्मानिमित्तही १०० चीच स्मारक नोट आली. अशी एखादी सापडली तर ती बाजूला काढा. बाकी रोजच्या वापरातल्या घडी पडलेल्या नोटांना संग्राहकाकडून छापील किमतीपेक्षा फारसं काही मिळणार नाही. आठवण म्हणून ठेवायच्याच असतील तर माझी पसंती १ आणि ५ ची. १ च्या नोटेवर मागे सिमतोखा झोंग (किल्लेवजा मठ) आहे आणि ५ च्या नोटेवर पारोच्या कड्यावरचा तो तक्तसांग मठ, जिथे तुमचे आईवडील बहुधा अर्ध्या वाटेपर्यंत चढलेच असतील. हजारांऐवजी सहा न्गुल्त्रुममध्ये चांगली आठवण राहते.

पुढच्या वेळी जाताना १०० आणि त्याखालच्या रुपयांच्या नोटा जास्त न्या. सुटे परत घेताना ‘रुपयेच द्या’ असं सांगा, बरेच दुकानदार असतील तर देतात. २०२१ पासून भूतानमध्ये भीम यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे, ज्या दुकानात तो क्यूआर दिसेल तिथे सुट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. आणि शेवटच्या दिवशी पाकिटातले न्गुल्त्रुम हॉटेलच्या बिलात संपवा. मोठ्या भारतीय नोटा बाहेर नेण्यावर मर्यादा असते आणि ती अधूनमधून बदलते, निघण्यापूर्वी ताजा नियम बघून घ्या.

आता डब्याकडे येऊ. माझं मन तिथेच अडकलं आहे.

तुम्ही वर्णन केलंत ते नाणं भूतानचा अर्धा रुपया आहे. न्गुल्त्रुमच्या कितीतरी आधीचं. याची कथा थोडी मागून सांगावी लागेल. या नाण्यापूर्वी भूतानमध्ये चालत ती हाताने ठोकलेली नाणी. त्यांचं मूळ भूतानच्या दक्षिणेला असलेल्या कूचबिहार संस्थानाच्या ‘नारायणी’ नावाच्या अर्ध्या रुपयात आहे. कूचबिहारच्या टांकसाळीतून भूतानला नाणी मिळत. १७७३ साली कूचबिहार ईस्ट इंडिया कंपनीच्या छत्राखाली गेलं, पुढे तिथल्या टांकसाळीवर बंधनं आली आणि भूतानमध्ये त्याच नमुन्यावर स्थानिक ठोकणी वाढत गेली. त्यात चांदी हळूहळू कमी होत तांबं-पितळ उरलं. ही नाणी ओबडधोबड असतात, त्यांवर कूचबिहारच्या नाण्यांवरची बंगाली अक्षरं अर्धी-पाऊण तुटलेली दिसतात. तुमचं नाणं त्यातलं नाही हे वर्णनावरूनच कळतं. राजाचा चेहरा असलेलं, गोल आणि यंत्रावर पाडलेलं नाणं म्हणजे १९२८ नंतरचं. दुसरे राजे जिग्मे वांगचुक यांच्या काळात कलकत्त्याच्या टांकसाळीत अर्ध्या रुपयाचे साचे बनले आणि भूतानला पहिल्यांदा आधुनिक नाणं मिळालं. मागच्या बाजूला रेघांनी पाडलेले नऊ खण आणि त्यांत शुभचिन्हं, ही रचना मला फार आवडते. शंख, मासे, कमळ, अगदी बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

हा अर्धा रुपया दोन धातूंत आहे. सुरुवातीचा चांदीचा, वजनाला ब्रिटिश हिंदुस्थानच्या अर्ध्या रुपयासारखाच, म्हणजे ५.८ ग्रॅमच्या जवळपास. त्यानंतरचा निकेलचा, ज्यावर बहुतेकदा तिबेटी पद्धतीने लोह-व्याघ्र वर्ष, म्हणजे १९५०, असतं. चांदीच्यावर भूमी-ड्रॅगन वर्ष असतं, म्हणजे १९२८. पण नाण्यावरचं वर्ष आणि ते प्रत्यक्ष पाडल्याचं वर्ष एकच असेल असं समजू नका. १९५० ची तारीख असलेली निकेलची नाणी १९६७-६८ मध्येही पाडली गेली आणि ती वजनाला हलकी आहेत, पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणून मी आधी धातू बघतो, मग वजन, आणि तारीख शेवटी.

धातू कसा बघायचा? लोहचुंबक घ्या. फ्रिजवरचा सपाट चालतो, पण छोटा ताकदीचा असेल तर उत्तम. तो दोऱ्याला बांधून लोंबता ठेवा आणि नाणं त्याच्या जवळ न्या. चुंबक नाण्याकडे ओढला गेला तर निकेल. ढिम्म राहिला तर चांदीची शक्यता आहे, फक्त शक्यता, कारण चांदीसारखे दिसणारे आणि चुंबकाला न लागणारे मिश्रधातूही असतात. मग ओळखीच्या सराफाकडे जा आणि काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन घ्या. इथे एक काळजी घ्या. सराफ सवयीने नाणं कसोटीच्या दगडावर घासून कस बघायला जाईल, त्याला तिथेच थांबवा. दागिन्याच्या मागच्या बाजूला एक घासा चालतो, नाण्याच्या कडेला नाही. चांदी आहे का हे पक्कं करायचंच असेल तर एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) असलेल्या ठिकाणी तपासा, त्यात नाण्याला ओरखडा उठत नाही.

तुमचे आजोबा तिथे १९६६ ते ७६ होते. ‘दंतक’चं काम १९६१ पासून सुरू होतं आणि मजुरी, खर्च, बाजार हे सगळं त्या रस्त्यांच्या कडेने रोखीत वाढत होतं. त्यांच्या हातात आलेला अर्धा रुपया निकेलचा, आणि बहुधा ६७-६८ च्या हलक्या तुकडीतला असेल असा माझा अंदाज आहे. निकेलचा निघाला तर निराश होऊ नका. बाजारात तो स्वस्त आहे हे खरं, पण तो तिथल्या लोकांच्या हातांत फिरला होता आणि तुमच्या आजोबांच्याही.

आता घासण्याबद्दल. जुन्या नाण्यावर हवेने आणि काळाने एक पातळ थर बसतो. संग्राहक त्याला पॅटिना म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात. चिंचेतलं आम्ल तो थर खातं आणि घासताना पृष्ठभागावर बारीक चरे पडतात. नाणं एका बल्बखाली धरून हळूहळू तिरपं करा. न घासलेल्या चांगल्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी गोल फिरताना दिसते. घासलेल्या नाण्यावर ती फिरत नाही, सगळीकडे एकसारखी निर्जीव चकाकी येते आणि दहा पट भिंगातून सगळे चरे एकाच दिशेने गेलेले दिसतात. हे परत भरून येत नाही. झीज बघायची तर राजाच्या गालाचा आणि भुवईचा उंचवटा बघा, तो सगळ्यात आधी सपाट होतो. उलट बाजूला खणांच्या रेघा सलग आहेत की मध्येच पुसट झाल्या आहेत ते पाहा. धूळ असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, न चोळता मऊ कापडावर टिपून घ्या, बास.

नोट सोपी आहे. सुरुवातीच्या भूतानी नोटांवर छापील वर्ष नसतं, म्हणून ती कुणी काढली ते वाचा. ‘रॉयल गव्हर्नमेंट ऑफ भूतान’ असेल तर ती सरकारने थेट काढलेल्या पहिल्या काळातली. ‘रॉयल मॉनेटरी ऑथॉरिटी’ असेल तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरची, कारण ती संस्थाच १९८२ च्या कायद्याने उभी राहिली. त्याआधी मध्यवर्ती बँकेची बरीचशी कामं १९६८ साली सुरू झालेली बँक ऑफ भूतान बघत असे. सरकारच्या नावाच्या १ न्गुल्त्रुमच्या नोटा १९७४ मध्येही निघाल्या आणि १९८१ च्या सुमाराला नव्या मालिकेतही. इथे आजोबांच्या नोकरीच्या तारखा तुमच्या कामी येतात. ते १९७६ ला परत आले आणि नोट तेव्हापासून डब्यात असेल, तर ती १९७४ चीच असली पाहिजे. घरात कुणाला आठवतं का ते विचारा, त्यानंतर कुणी भूतानला गेलं होतं का हेही विचारा. नसेल, तर पहिल्या वर्षांची नोट तुमच्याकडे आहे.

तिची प्रत बघताना मधली घडी महत्त्वाची. नोट उजेडासमोर आडवी, डोळ्यांच्या रेषेत धरा. कागदाचे तंतू तुटलेली पक्की घडी पांढऱ्या रेघेसारखी दिसते. नुसता वाकलेला कागद तसा दिसत नाही. चारही कोपरे टोकदार आहेत का पाहा. इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेट केलेली नोट संग्राहकाच्या दृष्टीने संपलीच.

लाखांबद्दल स्पष्टच सांगतो. माझ्या बघण्यात निकेलचा अर्धा रुपया आणि १९७४ ची साधी १ ची नोट यांची बोली बऱ्याचदा तीन अंकांतच राहते. कोरी करकरीत नोट किंवा चांदीचं छान नाणं त्यापुढे जातं, पण लाखांचा प्रश्न येत नाही. संकेतस्थळावर कुणी काय किंमत लावली आहे त्याला अर्थ नाही, लिलावात शेवटी किती पैसे मोजले गेले ते बघायचं. आणि तुमच्याकडून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ आगाऊ मागणारा प्रत्येक जण ठग समजा. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर सूचना काढली होती की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

माझं मत विचाराल तर विकू नका. या दोन वस्तूंना बाजारात जे मिळेल त्यापेक्षा त्या एका माणसाच्या दहा वर्षांशी जोडलेल्या आहेत हे जास्त मोलाचं आहे. ते टिकवायचं तर आजोबांचं नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, तिथला एखादा फोटो हे सगळं त्यांच्यासोबत ठेवा आणि एका कागदावर त्यांचा काळ, ठिकाणं, आणि या वस्तू कुठे सापडल्या ते लिहून ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात काहीही ठेवू नका, काही वर्षांत त्याचा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. नाण्यासाठी पुठ्ठ्याचा दोन इंची होल्डर आणि नोटेसाठी पॉलिप्रॉपिलीनचं पारदर्शक कव्हर, दोन्ही नाण्यांच्या दुकानात मिळतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर वर्षी बदला.

चुंबकाचा निकाल आणि ग्रॅममधलं वजन कळवा. सोबत नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाका, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून. नोटेचे पुढून, मागून आणि उजेडासमोर धरून असे तीन फोटो हवेत. एवढं मिळालं की कुठल्या तुकडीचं नाणं आणि कुठल्या मालिकेची नोट ते सांगता येईल.